दोन गंधारांच्या मधली जागा

ब्लूज-रॉक, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांतून निघालेलं गिटारप्रधान संगीत, मी वर्षानुवर्षं हेडफोनवरच ऐकत आले. बी. बी. किंग, अल्बर्ट किंग, बडी गाय, रोरी गॅलाघर, स्टीव्ही रे वॉन ही गिटारवादक मंडळी कानात इतकी मुरली आहेत की कुठल्या सोलोत (एकट्या गिटारच्या तुकड्यात) कोण कुठे थांबतो हेही पाठ झालंय. पण हे संगीत समोर उभं राहून ऐकायचं राहूनच गेलं होतं. तो योग आला एका अशा वादकामुळे, ज्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. निम्मी कारकीर्द त्याने दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवण्यात घालवली आणि आता तो स्वतःचं त्रिकूट घेऊन छोट्या सभागृहांत कार्यक्रम करतो. गिटार, बेस, ड्रम्स, गातोही तोच. कीबोर्ड नाही, दुसरी गिटार नाही. म्हणजे गिटार थांबली की तिथे मोकळी जागा पडणार आणि ती भरायला कुणीच नसणार. तिकीट काढताना मला याचंच जास्त आकर्षण होतं.

जायच्या आधी मी जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा क्रमाने ऐकली. रॉबर्ट जॉन्सनची १९३६ आणि १९३७ सालची: एकटा माणूस, एक साधी गिटार. मग मडी वॉटर्स. तो १९४३ साली मिसिसिपी सोडून शिकागोला गेला आणि तिथल्या गजबजलेल्या क्लबांत साध्या गिटारचा आवाज कुणापर्यंत पोचेना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. पुढे साठच्या दशकात इंग्लंडमधली तरुण पोरं हे अमेरिकन संगीत झपाटल्यासारखी ऐकू लागली. १९६६ साली जॉन मेयॉलच्या बँडबरोबर एरिक क्लॅप्टनने लेस पॉल गिटार मार्शल अ‍ॅम्पला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) लावून, आवाज चांगला चढवून जे वाजवलं, त्याने पुढच्या कितीतरी गिटारवादकांचा कान घडवला. हे सगळं ओळीने ऐकलं की एक गोष्ट लख्ख दिसते. प्रत्येक टप्प्यावर आवाज वाढतच गेलाय. मीही मोठा आवाज ऐकायच्या तयारीनेच निघाले होते.

तयारीत इअरप्लगही होते. याबद्दल थोडं स्पष्ट सांगते, कारण अजूनही अनेकांना ते भित्रेपणाचं वाटतं. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या सभागृहात ड्रम्सच्या जवळ उभं राहिलं तर १०० सहज होतात. फोमचे साधे प्लग वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे सगळं गोधडीखालून ऐकू आल्यासारखं होतं. संगीतकारांसाठी मिळतात ते प्लग सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. मी ते घेतले होते, आणि गिटारच्या आवाजाची धार त्यातूनही शाबूत राहिली.

उभं कुठे राहायचं हाही मोठा प्रश्न. अगदी स्टेजला चिकटून उभं राहिलं तर वादकाचे हात दिसतात, पण मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून निघून जातो आणि गाण्याचे शब्द दबतात. शिवाय गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे येतो. त्या रेषेत असाल तर बाकी काही ऐकूच येत नाही. नीट ऐकायचं तर जागा साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ, कारण तो जे ऐकतो त्यावरूनच सगळं बसवतो. मला हात बघायचे होते. म्हणून पुढेच गेले, पण मधल्या रेषेपासून जरा डावीकडे. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा तारा छेडणारा हात त्या बाजूला येतो.

स्टेजवर पाहण्यासारखं फार नव्हतं आणि तेच मला आवडलं. एक मध्यम आकाराचा, काचेच्या ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प, पायाशी आवाज बदलायची मोजकी पेडलं, आणि स्ट्रॅटोकास्टर धाटणीची गिटार. तिच्या वरच्या कडेचं, जिथे हात टेकतो तिथलं पॉलिश पूर्ण उडून खालचं लाकूड काळपट झालं होतं. हल्ली कारखान्यातच मुद्दाम झिजवलेल्या गिटारी विकत मिळतात, पण ही झीज खरी होती. ती बरोब्बर त्याच्या कोपराखाली सुरू होत होती आणि मनगटाखाली संपत होती.

पहिल्या गाण्यात त्याने सोलो वाजवलाच नाही. शफल होतं. एका मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा, की तो झुलता ठेका तयार होतो. ऐकायला सोपा, पण तिघांनी तो एकाच मापात झुलवणं फार अवघड. त्याचा उजवा तळवा तारांवर हलकेच टेकलेला होता आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, उमटता उमटता दबत होती. गाणं संपेपर्यंत बेस आणि ड्रम्स त्याच्या उजव्या मनगटाला बांधल्यासारखे झाले होते. गिटारवादकाचं कौशल्य म्हटलं की आपण लगेच सोलोकडे बघतो. माझ्या मते त्या संध्याकाळचा पाया या पहिल्या गाण्यात घातला गेला, जेव्हा त्याने फक्त ठेका धरला.

दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात सोलो आले, दमदार आले, लोकांनी टाळ्या दिल्या. तेव्हा माझं लक्ष त्याच्या करंगळीवर गेलं. स्ट्रॅटोकास्टरवर आवाजाचं बटण तारांच्या अगदी खाली असतं, त्यामुळे वाजवता वाजवता करंगळीने ते फिरवता येतं. हा माणूस ते सतत फिरवत होता. गाताना बटण खाली, गाण्याची ओळ संपली की जरा वर, सोलोला आणखी वर. यात आवाज फक्त लहानमोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये जोराचा सिग्नल गेला की ट्यूब तो पुरता पेलू शकत नाहीत, लहरीचे माथे गोलसर दबतात, वरचे स्वरांश मिसळतात आणि आवाज भरडा, दाट होतो. बटण खाली आणलं की तोच अ‍ॅम्प स्वच्छ, घंटेसारखा वाजतो. पेडलला पायही न लावता तो एका बटणातून अनेक आवाज काढत होता. ध्वनिमुद्रणात मला हे वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पेडलांचे वाटत आले होते. समोर पाहिलं आणि कळलं की यातलं किती काही बोटांतच असतं.

मग त्याने संथ ब्लूज सुरू केला. मी मुख्यतः ज्यासाठी लिहायला बसले ते हेच.

१२ बारचं (बार म्हणजे इथे ४ मात्रांचा गट) आवर्तन आपल्या कानाला पटकन सापडतं, कारण आवर्तन मोजत ऐकायची सवय असते. पहिले ४ बार मूळ कॉर्डवर, पुढचे २ चौथीवर (म्हणजे चौथ्या स्वरावरून बांधलेल्या कॉर्डवर), मग २ पुन्हा मूळवर. नंतर एक बार पाचवी, एक बार चौथी, आणि शेवटच्या २ बारांत घरी परत. लय इतकी संथ होती की मिनिटाला ६० च्या आसपास मात्रा पडत असाव्यात; म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाहून जरा जास्त. एवढ्या संथ लयीत लपायला जागाच नसते. गाण्याची घडण जुनीच: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ तिला उत्तर देते. आणि प्रत्येक ओळ आवर्तनाच्या ४ बारांपैकी साधारण २ बारच घेते. उरलेले २ गिटारचे. माणूस बोलतो, गिटार उत्तर देते. बी. बी. किंगचं तर हे वैशिष्ट्यच होतं. तो गाताना गिटार वाजवायचा नाही आणि वाजवताना गायचा नाही. हा वादकही गाण्याची ओळ संपली की माइकपासून अर्धं पाऊल मागे जात होता, जणू आता बोलायची पाळी दुसऱ्याची.

पहिल्या सोलोच्या पहिल्या ४ बारांत त्याने अगदी मोजके स्वर लावले. त्यांतला एक मी अगदी जवळून पाहिला. तिसरं बोट दुसऱ्या तारेवर, त्याच्या मागे त्याच तारेवर पहिलं आणि दुसरं बोट आधाराला, अंगठा गिटारच्या मानेवरून वर आलेला. बोटं जोर लावतात असं दिसत नव्हतं. मनगट किल्ली फिरवावी तसं फिरत होतं आणि तार वर ढकलली जात होती. तार एक पूर्ण स्वर चढवायची तर तिचा ताण सुमारे सव्वापट व्हावा लागतो. ते बोटांच्या टोकांनी करायचं, आणि नेमक्या जागी थांबायचं. फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) तिथे मदतीला नसतो, फक्त कान असतो. आपण ज्याला मींड म्हणतो तिच्या अगदी शेजारची ही गोष्ट आहे. एका आघातात, तार खेचून, मधल्या सगळ्या श्रुतींमधून वर जाणं.

आणि मग तो गंधार. ब्लूजमधला तिसरा स्वर कोमलही नसतो, शुद्धही नसतो. दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. पियानोवर तो नाहीच, दोन पट्ट्यांच्या फटीत राहतो. वाचून हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी ते घडताना ऐकलं. मूळ कॉर्ड चालू असताना तो कोमल गंधार लावायचा आणि तार इवलीशी, केसभर वर ढकलायचा. सूर शुद्धाकडे झुकायचा पण तिथे पोचायचा नाही. चौथी कॉर्ड आली की तोच स्वर तो जराही न ढकलता, सपाट ठेवायचा. आधी मला वाटलं, सहज झालं असेल. पुढच्या आवर्तनात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आवर्तनातही. घरी येऊन गिटार घेऊन बसल्यावर कारण सापडलं: ब्लूजमध्ये चौथी कॉर्ड तिच्या कोमल सातव्या स्वरासकट वाजते, आणि तो स्वर म्हणजेच मूळ सुराचा कोमल गंधार. तिथे तो स्वर घरचाच असतो, त्याला हलवायचं कारण नाही. मूळ कॉर्डमध्ये मात्र शुद्ध गंधार असतो, म्हणून कोमल तिथे घासतो, आणि त्या घासण्यातच ब्लूजची सगळी कळ आहे. हा माणूस पाऊण मिनिटाच्या आवर्तनात एकाच स्वराची जागा कॉर्ड बदलेल तशी बदलत होता, आणि चेहऱ्यावर काही विशेष केल्याचा भाव नव्हता.

दोन-तीन आवर्तनांनंतर करंगळीने बटण खाली आणलं. मला वाटलं, आता गाणं संपवणार. पण तो आणखी खाली गेला. ड्रमरने काठी झांजेच्या काठावर जेमतेम टेकवत ठेवली, बेसवाला एकेक स्वर देऊ लागला. मागे बारपाशी काही लोक गप्पा मारत होते. त्यांच्या गप्पा सगळ्यांना ऐकू येऊ लागल्या आणि मग त्या बंद झाल्या. पिक (तार छेडायची चकती) तारेला लागतो त्याचा टिक असा आवाज अ‍ॅम्पमधून नाही, थेट गिटारवरून माझ्यापर्यंत आला. एवढा हळू आवाज, आणि ठेका तसूभर हलला नाही. मोठ्याने वाजवताना लय धरून ठेवायला जोर मदत करतो. हळू वाजवताना फक्त तुमचं आतलं घड्याळ असतं, आणि बहुतेक वादकांची लय इथेच ढेपाळते.

तिथून वर यायला त्याने दोन पूर्ण आवर्तनं घेतली. घाई नाही. प्रत्येक ओळीला बटण अगदी थोडं वर, ड्रमर तेवढाच वर. शिखरावर तो अ‍ॅम्पच्या दिशेने अर्धवट वळला, एक उंच स्वर खेचून लावला आणि सोडलाच नाही. हा फीडबॅक असतो: स्पीकरमधून निघालेला आवाज तारेला पुन्हा हलवतो, तार पुन्हा स्पीकरला, आणि स्वर मरत नाही. पण ते जमायला अ‍ॅम्पपासून नेमकं किती अंतरावर, कुठल्या कोनात उभं राहायचं हे त्या सभागृहात, त्या दिवशी शोधावं लागतं. त्याने ते बहुधा दुपारच्या साउंड चेकलाच हेरून ठेवलं असणार, कारण तो न शोधता थेट त्या जागेवर गेला. स्वर टिकला, आणि मग त्याने त्याला व्हायब्रेटो, म्हणजे थरथर, दिला: संथ, रुंद, मात्रेच्या तीन भागांवर बरोब्बर बसणारा. व्हायब्रेटोलाही लय असते हे मला तोवर इतक्या स्वच्छपणे कधी ऐकू आलं नव्हतं. बी. बी. किंगला म्हणे त्याचा नातलग बुका व्हाइट याच्यासारखी स्लाइड (तारांवरून नळी सरकवत वाजवणं) जमेना, म्हणून तो आवाज नुसत्या बोटांनी काढायच्या नादात त्याचा तो प्रसिद्ध थरथरता स्वर घडला. त्या एका स्वराला किती वादकांनी आपापलं वळण दिलंय! या माणसाचं वळण शांत होतं.

खाली उतरताना एक छोटीशी गोष्ट घडली. इतक्या ओढाताणीने तिसरी तार किंचित उतरली होती. एका ओळीत ती बेसूर लागली, जेमतेम. पुढच्या ओळीत त्याने ती तार बेंड करतच वाजवली, म्हणजे बोटाने तेवढी चढवून सुरात आणली, आणि त्या ओळीनंतरच्या रिकाम्या मात्रेत डावा हात वर नेऊन खुंटी पिळली. एकदाच. पुढचा स्वर सुरात होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, पांढऱ्या केसांच्या एका गृहस्थांनी हे पाहिलं, माझ्याकडे वळून मान हलवली. आम्ही दोघंही हसलो. ओळखदेख काही नाही, पण त्या क्षणाला आम्हा दोघांना नेमकं एकच दिसलं होतं.

यानंतरचं सगळं मी थोडक्यात सांगते. स्लाइडचं एक गाणं झालं. गिटार बदलली, तारा न दाबता छेडल्या तरी कॉर्ड वाजेल अशा लावलेल्या, करंगळीत काचेची नळी. स्लाइडमध्ये तार फ्रेटवर दाबायची नसते, फ्रेटच्या पट्टीच्या थेट वर नळी नुसती टेकवायची. नळीच्या मागची बोटं तारांवर हलकी ठेवून नको ते गुंजन मारायचं असतं. ते त्याने इतकं सफाईने केलं की आवाज गळ्यातून आल्यासारखा वाटला. मग तो वाजवत वाजवत स्टेजवरून उतरून लोकांमध्ये गेला. ही परंपरा जुनी आहे, गिटार स्लिम नावाचा वादक लांबलचक वायर जोडून प्रेक्षकांत जायचा, त्याचं पाहून बडी गायने ते उचललं. आता वायरलेसमुळे सोपं झालंय. लोकांना फार मजा आली. मला तो स्टेजवर परत गेल्यावर जास्त बरं वाटलं, कारण अ‍ॅम्पपासून लांब गेला की अ‍ॅम्पशी चाललेली ती देवाणघेवाण तुटते आणि उरते ती करामत.

एक वेगवान वाद्यगीतही झालं. बोटं दिसेनाशी व्हावीत असा वेग, आणि टाळ्याही सर्वांत जास्त त्यालाच. त्यातली मेहनत मला दिसत होती, पण मनात काही उरलं नाही. वेगात स्वराला वाकायला वेळ मिळत नाही, प्रत्येक स्वर नुसता स्पर्श करून पुढे जातो. संथ ब्लूजमध्ये ज्या माणसाने एका गंधारासाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या, त्याच्याकडून मला तेच हवं होतं.

घरी आल्यावर कान वाजत नव्हते, याचं श्रेय प्लगना. दुसऱ्या दिवशी मी जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा लावली आणि ती बदलून गेली होती. अल्बर्ट किंग ऐकताना आता हात दिसतात: तो डावखुरा, गिटार उलटी धरलेली, तारांचा क्रम तसाच, म्हणून पातळ तारा वरच्या बाजूला आणि बेंड करायची तर ढकलायची नाही, खाली ओढायची. ओढताना सबंध हाताचं वजन मिळतं, म्हणून त्याचे बेंड इतके लांब जातात. स्टीव्ही रे वॉन ऐकताना आता त्याच्या जाड तारा जाणवतात, पहिलीच तार ०.०१३ इंचाची, आणि गिटार अर्धा स्वर उतरवलेली, नाहीतर त्या वाकवणं मुश्कील. पूर्वी हे सगळं मी माहिती म्हणून वाचलं होतं.

आणि एक नवीनच छंद लागला आहे. गिटार सोलो घेत असताना मी आता गिटार सोडून ड्रम्स ऐकते. त्या संध्याकाळी आवाज तळाशी गेला तो एकट्या गिटारवादकाच्या करंगळीने नाही. ड्रमर त्याच क्षणी खाली आला, एक मात्राही उशीर न करता. खूण कुठे झाली, खांदा हलला की गिटारचं टोक झुकलं, की काहीच झालं नाही आणि दोघं फक्त ऐकत होते, हे मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. त्रिकुटाच्या पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलंय. या वेळी ड्रमरचा चेहरा दिसेल अशा बाजूला उभी राहणार आहे.